हानफू, छीपाओ की मामियनछुन: एकच घ्यायचं असेल तर

चिनी पारंपरिक पोशाख म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना उभ्या गळ्याचा, अंगासरशी बसणारा, बाजूला कट असलेला झगा आठवतो. तो छीपाओ. हाँगकाँगकडे त्यालाच चोंगसाम म्हणतात. पण आज शीआन किंवा लोयांगला गेलात, तर जुन्या वास्तूंपाशी तरुण मुली मोठ्या बाह्यांच्या, नाड्या बांधलेल्या हानफूत दिसतील. काहीजणींच्या अंगात साधा शर्ट आणि खाली जरीच्या काठाचा घोळदार घागरा असेल, तो मामियनछुन. शिक्षणासाठी, नोकरीसाठी चीनमध्ये जाणाऱ्यांना, तिथल्या लग्नाचं आमंत्रण आलेल्यांना किंवा कापडाची नुसती हौस असणाऱ्यांनाही हा प्रश्न पडतोच: यातलं नेमकं काय घ्यावं?

छीपाओ दिसतो प्राचीन, पण आजच्या रूपातला छीपाओ जेमतेम शंभर वर्षांचा आहे. तो मांचू (ईशान्येकडून येऊन चीनवर राज्य केलेला समाज) स्त्रियांच्या झग्यातून आला की पुरुषांच्या चांगशान नावाच्या लांब अंगरख्यातून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. 1920 च्या दशकात शांघायसारख्या शहरांतल्या शिकलेल्या मुलींनी तो उचलला आणि 1929 साली राष्ट्रवादी सरकारने त्याला स्त्रियांच्या औपचारिक पोशाखात जागा दिली, एवढं मात्र पक्कं. सुरुवातीचे छीपाओ सैल आणि सरळ असत. खांद्याला शिवण नाही, छातीला टक्स नाहीत. 1949 मध्ये कम्युनिस्ट सत्ता आल्यानंतर शांघायचे अनेक शिंपी हाँगकाँगला गेले. पुढे तिथे टक्स आणि चेन लावून जो घट्ट छीपाओ रूढ झाला, तोच आपल्या ओळखीचा. इकडे मुख्य भूमीवर याच कपड्यावर सूड उगवला गेला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओछी यांच्या पत्नी वांग ग्वांगमेई यांनी 1963 च्या इंडोनेशिया दौऱ्यात छीपाओ घातला होता. त्याबद्दल 1967 मध्ये छिंगह्वा विद्यापीठातल्या सभेत रेड गार्डनी, म्हणजे माओच्या कडव्या तरुण समर्थकांनी, त्यांना जबरदस्तीने छीपाओ चढवायला लावला आणि गळ्यात पिंगपाँगच्या चेंडूंची माळ घातली. एका झग्यासाठी माणसाची एवढी विटंबना झाली, हे तो विकत घेणाऱ्याला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

घेण्याच्या दृष्टीने बोलायचं तर छीपाओ हा शिंप्याचा कपडा आहे. तयार घ्याल तर छातीत बसलेला कमरेत ढगळ आणि कमरेत बसलेला पाठीत ओढलेला, असं फार वेळा होतं. गळ्याची उंची तर प्रत्येकीच्या मानेनुसारच ठरायला हवी. म्हणून मापाने शिवून घ्या, शिवणीत माया ठेवायला सांगा आणि ट्रायल घेताना आरशासमोर नुसतं उभं न राहता खुर्चीवर बसून पाहा. चांगलं काम ओळखायचं ते बटणांवरून. तिरक्या कापलेल्या कापडाची बारीक पट्टी दुमडून, शिवून तिची दोरी करतात. त्या दोरीची घट्ट गाठ म्हणजे बटण, समोरचा फासा म्हणजे काज. उरलेली दोरी वळवून तिचं फूल किंवा फुलपाखरू करतात, नाजूक आकारात आत बारीक तारही घालतात. चांगल्या हाताचं काम असेल तर त्यावर टाका दिसत नाही.

हानफू हा एक कपडा नव्हे. मांचू सत्तेच्या आधी हान लोक, म्हणजे चीनमधला बहुसंख्य समाज, शतकानुशतकं जे नेसत आले, त्या सगळ्याला मिळून आज हे नाव आहे. 1645 मध्ये छिंग या मांचू राजवटीने हान पुरुषांवर पुढचं डोकं भादरून शेंडी ठेवण्याची सक्ती केली, पोशाखही बदलायला लावला. स्त्रियांना बरीच मोकळीक राहिली. नोव्हेंबर 2003 मध्ये वांग लतियान हा तरुण जंगचौ शहरात हानफू घालून रस्त्याने चालला, त्याची बातमी झाली आणि आजच्या चळवळीची सुरुवात बरेचजण तिथून मोजतात.

यातली एक गोष्ट अजिबात चुकवू नका. छातीवर एकमेकांवर येणाऱ्या पदरांपैकी तुमचा डावा पदर वर आला पाहिजे. उलटं बांधणं हे प्रेताचं लक्षण मानतात. कन्फ्यूशियसनेही डाव्या बाजूला बांधलेला पदर ही परक्या टोळ्यांची खूण म्हणून सांगितली आहे.

कुठल्या राजवटीचा काळ निवडायचा? थांग काळाच्या (सातवं ते दहावं शतक) धर्तीचा, छातीवर बांधायचा घागरा फोटोत अप्रतिम दिसतो. पण दिवसभर तो सावरत बसावा लागतो, म्हणून शीआनमध्ये केशभूषेसकट भाड्याने घेऊन हौस भागवणं उत्तम. विकत घ्यायचा तर त्यानंतरच्या सोंग काळाच्या धर्तीचा घ्या. समोरून उघडा, सरळ, अंगरख्यासारखा लांब बेज्झ, आत साधं कापड. मुंबईच्या दमटपणातही तो सोसवेल. हलकेपणाचं वेड तिथे जुनंच आहे. छांगशाजवळच्या मावांगदुई इथे 1972 मध्ये उघडलेल्या, प्राचीन हान राजवटीच्या काळातल्या थडग्यातून निघालेला पूर्ण लांबीचा रेशमी झगा अवघ्या 49 ग्रॅमचा आहे.

तरीही एकच घ्यायचं असेल तर मी मामियनछुन सुचवेन. छिंगच्या आधीच्या मिंग काळात तो भरात आला, छिंग काळातही हान स्त्रिया तो नेसत राहिल्या, म्हणजे मांचू सत्तेतही त्याची परंपरा तुटली नाही. एकाच पट्ट्यावर कापडाचे दोन भाग अर्धवट एकमेकांवर येतात. पुढे-मागे सपाट पाट, दोन्ही अंगांना चुण्या. कमरेभोवती गुंडाळून बांधायचा, त्यामुळे वजन कमी-जास्त झालं तरी अडत नाही. वर सुती शर्ट, स्वेटर, काहीही चालतं आणि ऑफिसलाही घालता येतो. कमरपट्टा मात्र सुतीच बघा, रेशमी पट्टा घसरतो. जुलै 2022 मध्ये दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीने बाजारात आणलेला एक घागरा याच घडणीचा असल्याचं सांगत चिनी विद्यार्थ्यांनी पॅरिसमधल्या दुकानासमोर निदर्शनं केली आणि त्यानंतर चीनमध्ये तो आणखी लोकप्रिय झाला. शानतोंगमधल्या छाओ तालुक्यात त्याचं प्रचंड उत्पादन होतं.

स्वस्त घागऱ्यांवरची सोनेरी नक्षी बऱ्याचदा छापलेली असते. कापड उलटून पाहा: विणलेल्या नक्षीचे धागे मागे दिसतात, छापलेली मागून कोरी असते. नानजिंगचं खरं युनजिन, म्हणजे तिथलं नक्षीदार जरीचं रेशीम, दोन कारागीर एका मोठ्या मागावर विणतात, दिवसाला काही सेंटीमीटर. 2009 मध्ये युनेस्कोने या कलेला वारसा यादीत घेतलं. पैठणीची किंमत का असते हे ज्यांना कळतं, त्यांना याचीही कळेल. मशीनवर विणलेलं कापडही वाईट नसतं, फक्त विक्रेत्याने ते हातमागाचं म्हणून गळ्यात मारू नये.

लग्नाला जाणार असाल तर लाल टाळा, तो नवरीचा रंग. नखशिखांत पांढरंही नको, ते सुतकाचं. पुरुषांसाठी मी गाठीच्या बटणांचं थांगच्वांग जाकीट सुचवेन. 2001 च्या शांघायमधल्या एपेक (आशिया-पॅसिफिक देशांची आर्थिक सहकार्य संघटना) परिषदेत देशोदेशीच्या नेत्यांनी तेच घातलं होतं. नावात थांग असलं तरी त्याचा मूळ कट छिंग काळातल्या मागुआ या मांचू जाकिटाचा आहे. त्यामुळे ज्या मित्रमंडळींत सगळे कटाक्षाने हानफूच घालणार असतील, तिथे ते नेऊ नका.