हेड चोक झालेला इंकजेट आणि त्याच्या जागी काय घ्यावे

आमच्या घरी महिन्याला सरासरी दहा-बारा पाने छापली जातात. आधारकार्डाची प्रत, बँकेचा एखादा अर्ज आणि मुलीच्या शाळेचे काहीबाही एवढेच त्यात असते. चवथीच्या आधी मात्र आरत्यांची पन्नास-साठ पाने एका बैठकीत काढावी लागतात आणि देवळाच्या उत्सवात नाटक ठरले की संहितेच्या प्रती हव्या असतात. उरलेले दिवस प्रिंटर झाकून ठेवलेला असतो. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात अशा वापराची घरे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या इंकजेटची तक्रारही बहुधा एकच असते : यंत्र पडून राहते, शाई नोझलमध्ये, म्हणजे तिचे थेंब सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, सुकते आणि ती छिद्रे असलेला भाग, म्हणजे हेड, चोक होते. म्हणून नवा प्रिंटर घेताना दर पानाचा खर्च विचारण्याआधी तो सलग किती दिवस बंद राहणार आहे हे मोजावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

जुन्या प्रिंटरला कितपत वेळ द्यावा

पहिल्यांदा हेड कुठे आहे ते पाहावे. एचपी आणि कॅनन यांच्या स्वस्त प्रिंटरमध्ये शाईची छोटी डबी (कार्ट्रिज) असते आणि बहुतेक वेळा तिच्या तळाशी दिसणारी चकचकीत पट्टी हेच हेड असते. शाई क्षणभर तापवायची आणि तयार झालेल्या बुडबुड्याने थेंब बाहेर ढकलायचा, हे त्याचे तत्त्व आहे. असे हेड स्वस्तात बनत असल्यामुळे एचपीने १९८४ सालच्या थिंकजेटपासूनच ते शाईसोबत बदलण्याजोगे ठेवले. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की नवी कार्ट्रिज बसवली की हेडही नवे मिळते. एप्सनच्या प्रिंटरमध्ये विजेच्या दाबाने हलणारे पिझो स्फटिक थेंब ढकलतात. हे हेड टिकाऊ असते, पण ते यंत्रातच बसवलेले असते आणि बदलायचे झाल्यास सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. कॅननच्या जी मालिकेत व एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये शाईच्या टाक्या वेगळ्या आणि हेड वेगळे असते. ते सुटे काढून बदलता येते.

त्यानंतर नोझल चेकचे, म्हणजे कोणती छिद्रे अडली आहेत हे रेषांवरून दाखवणारे, पान काढावे. आमचा टँक प्रिंटर (बाटलीतून शाई भरायच्या टाक्यांचा इंकजेट) एका मे महिन्याच्या सुट्टीत पाच आठवडे बंद राहिला होता. जूनमध्ये काढलेल्या पानावर काळ्या रंगाच्या निम्म्या रेषा तुटक होत्या आणि पिवळा रंग अजिबात उमटला नव्हता. मी घाईघाईने लागोपाठ सहा वेळा क्लीनिंग (हेड साफ करण्याची प्रिंटरमधलीच सोय) केले आणि ते चुकले. प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई ओढून ती आतल्या वेस्ट इंक पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, टाकली जाते. त्यामुळे टाकीतली पातळी उतरते, पॅड भरत जातो आणि तो पूर्ण भरला की प्रिंटर छापायचेच थांबवतो. दोन-तीन वेळा क्लीनिंग करून यंत्र बारा तास तसेच ठेवावे आणि मग पुन्हा नोझल चेक काढावे, ही पद्धत अधिक उपयोगी पडते. रात्रभरात सुकलेली शाई थोडी भिजते आणि हवेचे बुडबुडे वर सरकतात. आमच्याही पानावर दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या रेषा काहीही न करता परत दिसल्या होत्या.

एवढ्यानेही रेषा भरल्या नाहीत तर डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. बॅटरीच्या दुकानात ते सहज मिळते. नळाचे किंवा विहिरीचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षार छिद्रांतच सुकतात. कार्ट्रिजवरचे हेड असल्यास कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला, धागे न सुटणारा कापडाचा तुकडा घडी करून बशीत ठेवावा आणि त्यावर कार्ट्रिज दोन-तीन मिनिटे अलगद टेकवून उचलावी. तीन रंगांच्या कार्ट्रिजचे हेड मोकळे झाले असेल तर कापडावर निळा, गुलाबी आणि पिवळा असे तीन स्पष्ट पट्टे उमटतात. एखादा पट्टा फिकट आला तर तो रंग अजून अडलेला आहे असे समजावे. यंत्रात बसवलेल्या हेडखाली असाच ओला तुकडा रात्रभर सरकवून ठेवता येतो, मात्र हेड बाजूला ढकलण्याआधी वीज बंद केलेली असली पाहिजे. ब्रश, टाचणी आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रावण यांपैकी काहीही हेडला लावू नये.

येथे एका सवयीविषयी सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे हेड चोक होण्याशी तिचा फार जवळचा संबंध आहे. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड एका टोकाला जाऊन रबरी टोपीवर बसते आणि नोझल झाकले जातात. छपाई चालू असताना भिंतीवरचा स्विच बंद केला किंवा पावसाळ्यात मध्येच वीज गेली तर हेड वाटेतच उघडे राहते. वीज आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून बटणानेच बंद करावा. घरातल्या सर्वांना एवढे कळले तरी निम्मा त्रास वाचतो.

हे उपाय दोन दिवस करूनही पान सुधारले नाही तर थांबावे. कार्ट्रिजचे मॉडेल असल्यास नवी कार्ट्रिज घ्यावी. हेड आत बसवलेले असल्यास दुरुस्तीचा आकडा विचारावा आणि तो नव्या प्रिंटरच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर पैसे घालू नयेत. तेच हेड पुढच्या सुट्टीत पुन्हा तितकेच दिवस बंद राहणार असते.

कार्ट्रिज, टँक आणि लेझर

कार्ट्रिजचा इंकजेट चार-पाच हजारांच्या आसपास मिळतो आणि घेताना तोच सर्वांत परवडणारा वाटतो. त्याच्या लहान कार्ट्रिजची क्षमता कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे शंभर-सव्वाशे पानांपासून सुरू होते. पानाचा खर्च म्हणूनच जास्त पडतो, शिवाय प्रिंटर वापरला नाही तरी कार्ट्रिज सुकते. तरीही हेड बदलण्याची सोय असल्यामुळे अगदी तुरळक रंगीत छपाईसाठी मी त्याला टँकपेक्षा वरचे स्थान देईन. वर्षातून एक-दोन कार्ट्रिज वाया गेल्या तरी यंत्र वाया जात नाही.

टँक प्रिंटरची जाहिरात दर पानाच्या खर्चावर होते आणि तो खर्च खरोखरच फार कमी आहे. एप्सनच्या एल ३२५० या मॉडेलच्या बाटल्यांसाठी कंपनी काळ्याची ४५०० आणि रंगीत ७५०० पाने सांगते. मात्र महिन्याला बारा पाने छापणाऱ्या घराने हा हिशेब आपल्यापुरता मांडून पाहावा : ४५०० पाने संपायला एकतीस वर्षे लागतील. इतकी स्वस्त शाई आपल्याला वापरताच येत नाही, आणि ती नळ्यांत व हेडमध्ये थांबून राहिल्याचा त्रास मात्र पुरेपूर वाट्याला येतो. शिकवणी घेणारे, घरातून छोटा व्यवसाय चालवणारे किंवा आठवड्यातून निदान एकदा चारही रंगांचे पान न चुकता काढणारे यांच्यासाठी टँक उत्तम आहे. मी तो विकत घेतला तेव्हा ही अट मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून येथे ठळकपणे लिहीत आहे.

काळा-पांढरा लेझर प्रिंटर टँकच्याच किमतीच्या पट्ट्यात, म्हणजे दहा हजारांच्या पुढे मिळतो. टोनर ही प्लास्टिकची रंगीत भुकटी असते. ती ड्रम नावाच्या फिरत्या नळकांड्यावरून कागदावर येते आणि फ्यूजर या तापणाऱ्या भागाच्या साधारण दोनशे अंश सेल्सिअस उष्णतेने कागदात वितळून बसते. सुकण्यासारखे त्यात काही नसल्यामुळे तीन महिने बंद ठेवलेला लेझर पहिल्याच पानाला तितकेच स्वच्छ छापतो. भारतात फार चाललेल्या एचपी १२ए आणि कॅनन ३०३ या टोनरची क्षमता सुमारे २००० पाने आहे. ती साधारण पाच टक्के भरलेल्या पानावर मोजली जाते; आरत्या ठळक टायपात छापल्यास टोनर त्याहून लवकर संपतो. नव्या यंत्रासोबत बहुधा कमी भरलेला स्टार्टर टोनर येतो, हेही लक्षात ठेवावे.

गोव्याच्या पावसात लेझरचा आणखी एक गुण प्रकर्षाने जाणवतो. साध्या डाय शाईने (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या) छापलेला अर्ज पिशवीत भिजला की अक्षरे पसरतात आणि देवळाच्या फलकावर लावलेली सूचना पहिल्या सरीत निळसर ओघळ होऊन उतरते. टोनरची अक्षरे पाण्याने फुटत नाहीत. आरतीचे पान हातोहात फिरते, घामाची बोटे लागतात, त्यावर तीर्थ सांडते. लेझरचे पान सुकवून पुढच्या चवथीलाही वापरता येते.

लेझरच्या अडचणीही मोजल्या पाहिजेत. फ्यूजर तापताना वीज एकदम खेचतो, त्यामुळे संगणकाच्या लहान यूपीएसवर किंवा घरगुती इन्व्हर्टरवर तो लावू नये; इंकजेटला मात्र दहा-पंधरा वॅट पुरतात, म्हणून वीज गेलेल्या दुपारी इंकजेटच कामाला येतो. जुलै-ऑगस्टमध्ये उघडे राहिलेले कागद ओल धरतात, कडा लाटेसारख्या वाकतात, दोन पाने एकदम ओढली जातात आणि टोनर नीट चिकटत नाही. रिम उघडली की उरलेले कागद घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत. हा नियम इंकजेटलाही लागू आहे, कारण ओल्या कागदावर शाई फुटते. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर लेझरमध्ये कधीही घालू नये; त्यावरचा थर फ्यूजरमध्ये वितळून यंत्र निकामी होऊ शकते.

झेरॉक्सच्या दुकानाचा पर्याय

प्रिंटर न घेणे हाही एक पर्याय आहे. पानाला तीन रुपये धरले तर बारा पानांचे महिन्याला छत्तीस आणि वर्षाला ४३२ रुपये होतात, म्हणजे बारा हजारांच्या प्रिंटरची किंमत भरून निघायला सत्तावीस वर्षांहून अधिक काळ लागेल. पैशांच्या हिशेबात दुकानच जिंकते. परंतु आधारकार्डाची किंवा बँकेची फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडावी लागते, ती नंतर पुसली जाते की नाही हे आपण पाहत नाही, आणि धो धो पावसात रात्री आठ वाजता शाळेचे पान हवे असले तर दुकान बंद असते. ज्यांना दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असेल आणि कागदपत्रे फारशी खाजगी नसतील, त्यांनी प्रिंटर घेऊच नये असे मी मनापासून सांगेन.

ज्यांना घरी प्रिंटर हवाच आहे आणि ज्यांची बहुतेक पाने काळी आहेत, त्यांनी लेझर घ्यावा आणि वर्षातले चार-पाच रंगीत फोटो फोटो स्टुडिओतून काढून आणावेत. मुलांच्या प्रकल्पांसाठी दर आठवड्याला रंग लागत असेल तर हेड सुटे काढता येणारा टँक घ्यावा आणि रविवारी सकाळी एक रंगीत पान काढण्याचे काम मुलांकडेच सोपवावे. यंत्र ठरवण्याआधी दुकानात अस्सल टोनरची किंवा हेडची किंमत विचारून घ्यावी आणि ती वस्तू फोंड्यात, निदान मडगावात किंवा पणजीत, लगेच मिळते का याची खात्री करावी. त्याचबरोबर आपली एक मराठी फाईल पेन ड्राइव्हवर नेऊन जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट उमटतात का ते तिथेच छापून पाहावे.