झाडांची यादी की झाडांचे गुणधर्म? जंगल परत उभं करायला निघालेल्यांसाठी

उजाड जमिनीवर जंगल परत आणायचं ठरलं की पहिलं कोडं पडतं ते प्रजाती निवडण्याचं. एक वाट सरळ आहे: जवळचं शाबूत जंगल पाहायचं, तिथल्या झाडांची यादी करायची आणि तीच लावायची. दुसऱ्या वाटेवर नावाआधी स्वभाव विचारतात. लाकूड किती घट्ट, पान जाड की पातळ, बी केवढं, उंची कुठवर. मी पहिल्या वाटेने निघालो आणि दुसरीवर येऊन स्थिरावलो, तेव्हा माझं झुकतं माप कुठे आहे ते आधीच कळलेलं बरं.

यादीला नावं ठेवायचा हेतू नाही. ती कुणालाही दोन मिनिटांत समजावता येते आणि शंका आली तर जंगलात जाऊन पाहता येतं. त्या मातीत, त्या हवेत ती झाडं तगतात, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

माझं बिनसलं ते एकाच प्रश्नावर: नाही मिळालं तर त्याऐवजी काय? माझ्या यादीत चाळीसेक नावं होती, रोपवाटिकेत त्यातली निम्मीही नव्हती. यादी यावर गप्प. मग मी त्याच कुळातलं काहीतरी, नाहीतर समोर असेल ते, असं करत खड्डे भरले. तीन वर्षांत सगळं डोक्यावर गेलं, सावली पडली, बघणारे खूश. पुढे एका वादळात फांद्या कडाकड मोडल्या, ऊन खाली उतरलं आणि गवत परत आलं. जागा घ्यायला खाली दुसरं झाडच नव्हतं.

कारण नंतर उमगलं. रोपवाटिकेत सहज मिळतात ती बहुधा वाळवून साठवता येणाऱ्या, चटकन रुजणाऱ्या बियांची झाडं. मोठं, ओलसर बी वाळलं की मरतं. ते गोळा केल्याबरोबर पेरावं लागतं, म्हणून ते मागे पडतं. आणि सावलीत तग धरणारी, सावकाश वाढणारी, घट्ट लाकडाची बरीच झाडं याच गटातली. कागदावर मी वीसेक नावं खोडली होती. जमिनीवर एकाच स्वभावाची झाडं खोडली गेली होती.

गुणधर्म मांडले असते तर हे लावणीआधीच दिसलं असतं. आडव्या रेषेवर बियांचं वजन, उभ्या रेषेवर लाकडाची घनता, एवढा साधा आलेख. रिकामा कोपरा लगेच डोळ्यांत भरतो आणि तिथे बसणारं झाड वेगळ्या कुळातलं असलं तरी शोधता येतं. पंचवीस गोष्टी मोजायचीही गरज नाही. २०१६ साली ४६ हजारांवर प्रजातींचे सहा गुणधर्म तपासले गेले, तेव्हा बहुतेक फरक दोनच दिशांत मावला: झाड आणि त्याचे भाग केवढे, आणि पान स्वस्तात बनलेलं, चटकन अन्न कमावणारं की बनवायला महागडं, पण टिकाऊ. हवाई बेटांवरच्या सखल दमट जंगलात तर स्थानिक झाडांच्या जोडीला, न फोफावणारी बाहेरची झाडंही गुणधर्म पाहून लावून बघितली गेली.

कटकट इथेही आहे. पानांचे गुणधर्म मोजायचे तर पानं उन्हातली, पूर्ण वाढलेली हवीत, मोजेपर्यंत ओली ठेवायची, मग सत्तर अंशांवर दोन-तीन दिवस सुकवायची. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्राय’ या जागतिक माहितीसाठ्यातले आकडे मिळतात, पण एकाच झाडाचं सावलीतलं पान आणि उन्हातलं पान सारखं नसतं, हे ध्यानात ठेवलेलं बरं. शिवाय एखादं फुलपाखरू एकाच झाडावर अंडी घालत असेल, तर गुणधर्मांनी जुळं ठरलेलं दुसरं झाड त्याच्या काय कामाचं? आणि भरभर वाढणं हा तण होणाऱ्या झाडांचाही गुण. म्हणून उमेदवार मी अजूनही त्या भागातल्या यादीतूनच घेतो, निवड मात्र आलेखावर करतो.

तुमचा तुकडा लहान असेल आणि शाबूत जंगल खेटून असेल, तर कदाचित यादीवरही भागेल. बारीक बिया पक्षी आणून टाकतील. मोठ्यांची सोय मात्र आपल्यालाच करावी लागते, लहान चोचीत त्या मावत नाहीत. या खेपेला मी मोठ्या बिया वादळातून उरलेल्या झाडांच्या सावलीत थेट टोकल्या. बऱ्याचशा उंदरांनी नेल्या. राहिल्या त्यांची रोपं आता गुडघ्याला लागतात.