लोअरिंग, खोटा अलाइनमेंट रिपोर्ट आणि माझे ५९,६०० रुपये

वडोदऱ्यात गाडीचे लोअरिंग (उंची कमी करण्याचे काम) करून देणाऱ्या एका दुकानाने माझी जी फसवणूक केली, ती मी मुद्दाम रकमांसह लिहीत आहे. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. मात्र ही पद्धत एका दुकानापुरती नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

माझे कामानिमित्त द्रुतगती महामार्गावरून अहमदाबादला सतत जाणे-येणे असते. वेगात वळताना गाडी झुकते, ते कमी व्हावे म्हणून मी ती थोडी खाली घ्यायचे ठरवले. त्यात दिखाव्याचा भाग नव्हता. स्वस्तात स्प्रिंग कापून देणारे लोक रस्त्यावर बसलेले असतात, त्यांच्याकडे मी गेलो नाही. काचेचे कार्यालय, संगणकावर चाकांचे कोन मोजणारे अलाइनमेंट यंत्र आणि भिंतीवर दरपत्रक असलेले दुकान मी शोधून काढले. लोअरिंग स्प्रिंगचा संच १४,५०० रुपये, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) सुधारणारे बोल्ट ३,८०० रुपये, मजुरी ३,२०० रुपये, चारही चाकांचे अलाइनमेंट व बॅलन्सिंग १,६०० रुपये. जुन्या स्प्रिंगचे भंगार म्हणून ६०० रुपये वजा करून २२,५०० रुपये घेतले. पक्के बिल मागितले तर ‘साहेब, पक्क्यात जीएसटी चढेल’ असे उत्तर मिळाले आणि हाती कच्ची चिठ्ठी आली. पैसे यूपीआयने दिले, ते दुकानाच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यात गेले.

त्या ६०० रुपयांत सगळी चलाखी होती, कारण जुन्या स्प्रिंग परत मागण्याची वाटच त्यामुळे बंद झाली. नव्या स्प्रिंगचे खोके मला दाखवले होते, पण त्यातल्या वस्तू माझ्या गाडीत कधी गेल्याच नाहीत. माझ्याच मूळ स्प्रिंगचा वेढा कापून, वर काळा रंग मारून त्या पुन्हा बसवल्या होत्या. स्प्रिंग बदलून घेणाऱ्याने जुन्या स्प्रिंग भंगाराच्या भावाला न भुलता घरी आणाव्यात.

गाडी खाली बसली की चाकांचे कोन बदलतात, हे मला माहीत होते आणि त्यासाठीच मी अलाइनमेंटचे वेगळे पैसे मोजले होते. चाकाला धरणारा खालचा आर्म आणि चाक वळवणारा स्टिअरिंगचा टाय रॉड वेगवेगळ्या कमानीत फिरतात, त्यामुळे उंची बदलताच टो, म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडतो. शिवाय चाकाचा वरचा भाग आत झुकून कॅम्बर उणे होतो. नुसता उणे कॅम्बर टायर हळूहळू खातो, पण त्याला चुकीच्या टोची जोड मिळाली की चाक पुढे जाताना रस्त्यावर घासत राहते आणि आतली कड झपाट्याने झिजते. माझ्यासारख्या बहुतेक हॅचबॅक गाड्यांत कंपनीने पुढे फक्त टो बदलण्याची सोय ठेवलेली असते; कॅम्बर सुधारायचा तर विकेंद्री बोल्ट, म्हणजेच कॅम्बर बोल्ट, लागतात. म्हणून ते ३,८०० रुपये मला रास्त वाटले.

आता त्या कागदाविषयी. काम झाल्यावर मला अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट दिला गेला. डावीकडे ‘आधी’चे आकडे तांबडे, उजवीकडे ‘नंतर’चे सगळे हिरवे. मागच्या चाकांचा टोसुद्धा तांबड्याचा हिरवा झाला होता. माझ्या गाडीला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाके एकाच आडव्या तुळईवर घट्ट बसवलेली आहेत. तेथे पाना लावून टो फिरवण्याची जागाच नाही. बदल करायचा तर चाकाची हब उघडून मागे शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालाव्या लागतात आणि तसे काही केल्याचे चिठ्ठीत नव्हते. न फिरणारी गोष्ट फिरल्याचे तो कागद सांगत होता. गाडी क्रमांकाचा रकानाही कोरा होता. दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीचा साठवलेला रिपोर्ट छापून माझ्या हाती ठेवला होता आणि मी तो घडी करून कप्प्यात ठेवला. तो क्षण आजही मला जाळतो. पण रंगीत छापील कागद हातात आल्यावर मागच्या चाकाचा आकडा कोण तपासतो? यंत्राचे पैसे आपण यंत्रावर विश्वास ठेवण्यासाठीच देतो.

थोड्याच दिवसांत टायरचा गुंजणारा आवाज सुरू झाला. त्याच दुकानात गेलो. ‘टायर जुने झाले, कंपनीचा माल आता पहिल्यासारखा राहिला नाही’ असे ऐकवून त्यांनी पुढचे दोन नवे टायर ११,४०० रुपयांना आणि पुन्हा अलाइनमेंट ९०० रुपयांना माझ्या गळ्यात मारले. लिमडा आणि हालोल येथे टायरचे एवढे मोठे कारखाने असलेल्या या परिसरात टायरलाच दोष देऊन ते मोकळे झाले. नव्या टायरांचीही तीच गत झाली. बाहेरून पाहिले तर नक्षी भरगच्च, आतल्या कडेला मात्र रबराखालच्या तारा दिसू लागल्या होत्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरची आतली बाजू पाहा. नक्षीवरून हात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागले, तर टो चुकलेला आहे, टायर नव्हे.

शेवटी मांजलपूरकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी जॅक लावून चाक अधांतरी करताच मागची स्प्रिंग बैठकीतून सुटून हलू लागली. कापलेल्या टोकावर गॅसच्या कापाची खूण होती. खड्ड्यात चाक खाली लोंबले असते आणि स्प्रिंग तिरकी बसली असती, तर माझ्या कुटुंबाचे काय झाले असते, हा विचार मी करू शकत नाही. पुढे कॅम्बर बोल्ट नव्हतेच, मूळ बोल्ट जागेवर होते. खऱ्या यंत्रावर पुढच्या चाकांचा कॅम्बर उणे १.७ आणि उणे १.९ अंश, आणि एकूण टो बाहेरच्या बाजूला ०.६ अंश निघाला. कंपनीच्या स्प्रिंग ९,८०० रुपये, मजुरी २,४०० रुपये, अलाइनमेंट १,२०० रुपये, पुन्हा दोन टायर ११,४०० रुपये. आधीचे ३४,८०० आणि हे २४,८०० मिळून ५९,६०० रुपये गेले.

दुकानदाराने ओळखच दाखवली नाही. पोलीस चौकीत ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून अर्ज बाजूला सारला. खोटा कागद देऊन पैसे उकळणे ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ मी दाखवले, तेव्हा ‘काका, कायदा आम्हाला शिकवू नका’ असे ऐकावे लागले. अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारायलाही ते तयार नव्हते. परिवहन खात्याच्या एका खिडकीवर तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचून दाखवत माझ्याच गाडीवर कारवाईची धमकी मिळाली. ते कलम नोंदणीपत्रातील तपशील बदलण्याविषयी आहे आणि माझ्या नोंदणीपत्रात गाडीच्या उंचीचा रकानाच नाही, हे ऐकून घ्यायला त्या गृहस्थांना सवड नव्हती. भर वस्तीत फलक लावून स्प्रिंग कापणाऱ्याला कोणी विचारत नाही आणि लुबाडला गेलेला माणूस मात्र आरोपीसारखा या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडतो. पगार आमच्या करातून घेणाऱ्यांना याची लाज वाटायला हवी.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क लागत नाही. बिल न देणे हीदेखील त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे कच्ची चिठ्ठीसुद्धा जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अलाइनमेंटच्या वेळी काचेआड चहा पीत बसू नका. चारही चाकांना सेन्सर लागले का, आधी हवा तपासली का आणि पडद्यावर आपल्याच गाडीचे मॉडेल निवडले का, हे उभे राहून पाहा. स्प्रिंग बदलल्यावर आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना घट्ट करून घ्या आणि स्प्रिंग बसल्यावर काही दिवसांनी पुन्हा अलाइनमेंट तपासा.

तारा निघालेले दोन्ही टायर, कापलेल्या स्प्रिंग आणि तो हिरवा रिपोर्ट मी पुरावा म्हणून आयोगाला दिलेल्या यादीत लिहिले आहेत. वडोदऱ्यात लोअरिंग करून घेतलेल्या कोणाकडे असाच रिपोर्ट असेल आणि गाडीला मागे टॉर्शन बीम असेल, तर मागच्या टोचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे आकडे आजच ताडून पाहा. ते बदललेले दिसले, तर कागद फाडू नका आणि जुळवून घेण्याची बोलणी करायला त्या दुकानात एकटे जाऊ नका.