वायफाय लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनला नेटवर्क: नॅट, ब्रिज की राउटिंग?

वायरने जोडलेल्या संगणकावर व्हर्च्युअल मशीनला (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकाला) नेटवर्क द्यायचे असेल, तर ब्रिज, म्हणजे मशीनला स्वतंत्र उपकरणासारखे थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणे, हा सरळ मार्ग असतो. तीच मांडणी वायफायवरच्या लॅपटॉपवर केली, की व्हर्च्युअल मशीन डीएचसीपीची, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस मागण्याची, विनंती पुन्हा पुन्हा पाठवत राहते आणि उत्तर मात्र येत नाही. अशा वेळी सेटिंग तपासण्यात तास घालवण्याआधी वायफायची रचना समजून घ्यावी, कारण निवड कोणती करायची हे तिच्यावरच ठरते.

लॅपटॉप अ‍ॅक्सेस पॉइंटशी (वायफाय पुरवणाऱ्या उपकरणाशी) स्वतःच्या एका मॅक अ‍ॅड्रेसवर (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकावर) जोडलेला असतो आणि एन्क्रिप्शनची की त्याच अ‍ॅड्रेसपुरती असते. लॅपटॉपकडून निघणाऱ्या नेहमीच्या फ्रेममध्ये (हवेतून जाणाऱ्या डेटाच्या एका तुकड्यात) तीन अ‍ॅड्रेस असतात: अ‍ॅक्सेस पॉइंटचा, पाठवणाऱ्याचा आणि जिथे पोहोचायचे त्याचा. ‘फ्रेम हवेत सोडणारा’ आणि ‘ती मुळात तयार करणारा’ यांच्यासाठी वेगळी जागा त्यात नसते. त्यामुळे क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या मशीनचा ५२:५४:०० ने सुरू होणारा अ‍ॅड्रेस अ‍ॅक्सेस पॉइंटला अनोळखी ठरतो. लिनक्सचे कर्नल (मूळ गाभा) तर नेहमीच्या मोडमधला वायफाय इंटरफेस ब्रिजमध्ये घ्यायलाच नकार देते. चार अ‍ॅड्रेसचा मोड उपलब्ध आहे, पण अ‍ॅक्सेस पॉइंटचीही त्याला साथ लागते.

नॅटमध्ये, म्हणजे मशीनला लॅपटॉपच्या आड ठेवून पॅकेटवरचा पत्ता बदलण्याच्या पद्धतीत, हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण बाहेर जाणारे प्रत्येक पॅकेट लॅपटॉपच्याच नावाने जाते. शिवाय आज एका वायफायवर आणि उद्या दुसऱ्याच वायफायवर गेलात, तरी व्हर्च्युअल मशीनचा आतला आयपी बदलत नाही. लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याला याचे मोल फार आहे. मात्र सगळे नॅट सारखे नसते. व्हर्च्युअलबॉक्स या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साध्या नॅटमध्ये प्रत्येक मशीन वेगळ्या खोलीत बंद असते: पहिल्या अ‍ॅडॉप्टरला सहसा १०.०.२.१५ मिळतो, गेटवे (बाहेर जाण्याचे दार) १०.०.२.२ असतो, आणि लॅपटॉपवरूनही त्या मशीनपर्यंत थेट पोहोचता येत नाही. एसएसएच (दुसऱ्या संगणकात दुरून लॉगिन करण्याची सोय) हवे असेल, तर लॅपटॉपचा २२२२ पोर्ट (सेवेपर्यंत नेणारा क्रमांक) मशीनच्या २२ पोर्टकडे वळवावा लागतो, किंवा होस्ट-ओन्ली, म्हणजे मशीनला फक्त लॅपटॉपशी जोडणाऱ्या, प्रकारचे दुसरे अ‍ॅडॉप्टर जोडावे लागते. लिबव्हर्ट या व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या साधनाच्या मूळ नेटवर्कमध्ये मात्र सगळी मशीन १९२.१६८.१२२ च्या पट्ट्यात (याच आकड्यांनी सुरू होणाऱ्या आयपींच्या गटात) एकत्र असतात, एकमेकांना दिसतात आणि लॅपटॉपलाही दिसतात. दोन-तीन मशीन मिळून काम करायचे असेल, तर मला हीच मांडणी अधिक सोयीची वाटते.

ब्रिज वायफायवर अजिबात चालत नाही, असेही नाही. व्हर्च्युअलबॉक्स बाहेर जाणाऱ्या फ्रेममध्ये मशीनच्या मॅकच्या जागी लॅपटॉपचा मॅक घालतो आणि परत आलेले पॅकेट कोणाचे हे आयपीवरून ओळखतो. म्हणूनच वायफायवर ही सोय आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ पुरतीच आहे. फोनवरून किंवा शेजारच्या संगणकावरून मशीनमधली सेवा तपासायची असेल आणि वायफाय तुमच्या ताब्यातले असेल, तर ही निवड योग्य आहे. पण जिथे एका मॅकमागे एकच आयपी चालू देतात किंवा प्रत्येक उपकरणाला लॉगिन करावे लागते, तिथे तिच्यावर विसंबून राहू नये.

राउटिंग, म्हणजे मशीनच्या वेगळ्या पट्ट्याकडे लॅपटॉपने पॅकेट पोहोचवणे, हा सर्वांत स्वच्छ पण सर्वांत कष्टाचा मार्ग आहे. लॅपटॉपवर आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्यांची पॅकेट पुढे पाठवणे) सुरू करायचे, राउटरमध्ये मशीनच्या पट्ट्यासाठी लॅपटॉपकडे जाणारा स्थिर मार्ग नोंदवायचा आणि लॅपटॉपचा आयपी बदलणार नाही याची तजवीज करायची. एवढे केल्यावरही काही राउटर अनोळखी पट्ट्याला इंटरनेटपर्यंत जाऊ देत नाहीत. राउटरला हात लावता येत नसेल, तर प्रॉक्सी एआरपीचा पर्याय उरतो. त्यात मशीनच्या आयपीसाठी लॅपटॉपच स्वतःचा मॅक देऊन उत्तर देतो.

निर्णय घेताना मी एकच गोष्ट पाहतो: जोडणी सुरू कोण करणार? मशीनच बाहेर जाणार असेल, किंवा फक्त लॅपटॉपवरून आत यायचे असेल, तर नॅट पुरेसे आहे. इतरांना मशीनमधल्या एखाद-दुसऱ्या सेवेपर्यंतच यायचे असेल, तरी पोर्ट वळवून भागते. अनेक सेवा मूळ पोर्टवरच हव्या असतील, तेव्हाच ब्रिजकडे वळावे. नॅट निवडताना बाहेरचे नेटवर्कही त्याच पट्ट्यात नाही ना, हे मात्र पाहावे, दोन्हीकडे १९२.१६८.१२२ असेल, तर पॅकेट कोणत्या बाजूला पाठवायचे याचा लॅपटॉपवर गोंधळ उडतो, आणि आतला पट्टा बदलल्याशिवाय तो सुटत नाही.