सर्व्हर बंद पडतोय म्हणून बोलावलेला माणूस 18,500 घेऊन गेला

आधी आकडा सांगते. 18,500 रुपये. व्हिजिटचे 500, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) 3,200, मदरबोर्डची 'चिप लेव्हल' दुरुस्ती 6,500, नवी 2 टीबी हार्ड डिस्क 5,800 आणि जुन्या डिस्कवरचा डेटा नवीवर घेण्याचे 2,500. खरा बिघाड निघाला 1,070 रुपयांचा.

मी नाशिकच्या इंदिरानगरला घरूनच अकाउंट्सची कामं करते. सिन्नरची वर्कशॉप्स, पिंपळगावचे द्राक्षवाले, रविवार कारंज्याकडची काही दुकानं. सगळ्यांचा टॅलीचा डेटा घरातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर असतो, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो. भाच्याने लावून दिलाय, तो असतो पुण्याला. पाऊस सुरू झाला आणि सर्व्हर धाडकन बंद पडायला लागला. कधी कधी मशीन चालू असायचं, पण नेटवर्कचं कनेक्शन तुटायचं आणि एंट्री अर्धवट राहायची. त्यात 20 तारीख तोंडावर, थ्रीबी, म्हणजे जीएसटीची रिटर्न्स, भरायच्या होत्या. ज्यांनी त्या आठवड्यात दहा लोकांचे फोन घेतलेत त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. बाकीच्यांनी "आधी चौकशी करायची ना" हे वाक्य स्वतःजवळच ठेवावं.

ओळखीतून नंबर मिळाला. माणूस बोलायला गोड, पाठीवर सॅक, वाक्यागणिक 'ताई'. आल्या आल्या त्याने विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडला आणि लाल खुणांची रांगच माझ्यासमोर धरली. कर्नल-पॉवर, 41. "ताई, हे बघा, क्रिटिकल. बोर्ड गेलाय." आता मला माहीत आहे की त्या 41चा अर्थ एवढाच असतो: मशीन नीट शट डाउन न होता बंद पडलं आणि परत सुरू झालं. का बंद पडलं हे तो आकडा सांगत नाही. उलट त्या नोंदीच्या तपशिलात बगचेककोड 0 असेल, तर विंडोज क्रॅश झाल्याची नोंदच नसते, आणि मग वीज अचानक तुटली का हे आधी बघायचं असतं. माझ्या सगळ्या नोंदींत 0 होता. चांगल्या चालणाऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर हा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, लाल-पिवळं काहीतरी सापडतंच. कुणी ते दाखवून घाबरवायला लागला की चहा न विचारता त्याला दाराबाहेर काढा.

पण मला रात्र रात्र छळतो तो प्रसंग वेगळाच. त्याने यूपीएसमधून (लाइट गेली की बॅटरीवर मशीन चालवणारा डबा) पिन काढली आणि मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटला लावलं. दुपारभर चाललं. बाहेर पाऊस, ट्यूबलाइट मधूनमधून लुकलुकत होती, पण सर्व्हर ढिम्म हलला नाही. मी म्हटलंसुद्धा, "दादा, आता बंद नाही पडला." तो हसला आणि म्हणाला, "गरम झालं की पडेल, थांबा." मग त्याने पिन परत यूपीएसला लावली, आणि वीस-पंचवीस मिनिटांत लाइट एकदा फडफडली तशी मशीन, राउटर सगळंच गेलं. "बघितलंत? बोर्ड!" माझ्यासमोर, माझ्याच घरात, त्याने बिघाड कुठे आहे ते स्वतः तपासून पक्कं केलं आणि मला भलतीकडेच बोट दाखवलं. बोर्ड खराब असता तर भिंतीवरही बंद पडायला नको होता का? आणि बोर्ड गेला म्हणून राउटर कसा बंद पडेल? हे आता सुचतंय. तेव्हा फोनवर पिंपळगावची पार्टी होती, हातात त्यांची खरेदीची बिलं होती.

मशीन तो घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणून दिलं. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "जीएसटी लावला तर 18 टक्के वर पडतील, ताई. कशाला?" लोकांची बिलं तपासून पोट भरणारी बाई मी, आणि मी म्हणाले, राहू द्या. हे लिहिताना कान गरम होतात. पण प्रामाणिकपणे सांगा, तुमच्यापैकी किती जण हे ऐकून बिलासाठी अडून बसतात?

पैसे यूपीआयने दिले. नाव भलत्याच बाईचं आलं. "मिसेसचं खातं आहे."

आठवडा नाही झाला आणि विजा कडाडल्या, सर्व्हर परत बंद. भाच्याने फोनवर पहिलंच वाक्य टाकलं, "मावशी, यूपीएसची बॅटरी कधी बदललीस?" चार वर्षं होऊन गेली होती. या छोट्या यूपीएसमधली 12 व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम टाकते. लाइट क्षणभर जरी खाली आली तरी यूपीएस बॅटरीवर जायला बघतो, बॅटरी कोसळते आणि त्यावर लावलेलं सगळं बंद होतं. म्हणजे यूपीएस नसता तर निदान बारीक झटके तरी मशीनने सोसले असते. नवी बॅटरी 1,050. आणि नुसतं कनेक्शन तुटायचं ते लॅन केबलच्या टोकाची प्लास्टिकची खिट्टी तुटल्यामुळे. केबल सैल बसायची. नवा जॅक क्रिम्प करून 20 रुपये.

मग भाचा शनिवारी आला आणि त्याने कॅबिनेट उघडलं. एसएमपीएस जुनाच! त्यावर त्यानेच मार्करने टाकलेली तारीख तशीच होती, फक्त धूळ झाडलेली. 3,200 रुपयांचा ब्रश. बोर्डावर कुठे सोल्डरचा डाग दिल्याची खूणसुद्धा नाही. 'नव्या' डिस्कवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं, फुकट मिळतं, दोन मिनिटांचं काम. पॉवर ऑन अवर्स 31,212. साडेतीन वर्षं दिवसरात्र कुठेतरी राबलेली डिस्क मला नवी म्हणून लावली. नवी डिस्क घेतलीत की तो आकडा त्याच्यासमोरच बघा. आणि तो शून्य असला म्हणून हुरळून जाऊ नका, तोही पुसता येतो. सीलबंद पाकीट आणि लेबलवरचा सिरियल नंबर जुळतोय का तेही बघा.

जुनी 1 टीबी डिस्क त्याच्याकडेच आहे. "खराब आहे, टाकून देतो" म्हणाला होता. त्यावर माझ्या क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट्स, पोर्टलचे पासवर्ड. एकेकाला फोन करून पासवर्ड बदलायला सांगितले. त्या फोनांपुढे 18,500 काहीच नाहीत. जुना पार्ट, विशेषतः डिस्क, घराबाहेर जाऊ देऊ नका. मेलेली असली तरी.

आता पोलीस. ठाण्यात पहिला प्रश्न, "मिस्टर नाही आले?" दुसरा, "बिल आहे का?" बिल नाही म्हटल्यावर पेन खाली. "मॅडम, हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 म्हटलं, पूर्वीचं 420, तर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" नाही, पण वाचता येतं. मग म्हणे ऑनलाइन पैसे दिलेत ना, मग सायबरकडे जा. तिकडे म्हणे माणूस घरी आला होता, हे सायबर कसं? बँकेत गेले तर पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार बरोबर आहे. सगळ्यांचं बरोबर आहे, फक्त माझेच पैसे चुकीचे गेलेत! निदान अर्जावर पोच मागितली तर "साहेब जेवायला गेलेत." साडेचार वाजता. एका हवालदाराने तर जाता जाता त्याच्या घरच्या कॉम्प्युटरच्या यूपीएसला बॅटरी कुठली चांगली ते मला विचारून घेतलं.

आणि सगळ्यात चीड कशाची येते? 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापार प्रथांची यादी आहे, त्यात बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा एक आहे. ज्या गोष्टीसाठी त्याला धरायचं, त्याच गोष्टीवरून मला ठाण्यातून परत पाठवलं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, वकील लागतोच असं नाही. बिल नाही, पण यूपीआयचा व्यवहार आहे, त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला खर्चाचा हिशेब आहे, डिस्कच्या तासांचे फोटो आहेत. त्याच्या हस्ताक्षरात काही नसलं तरी 'एसएमपीएस न्यू 3200' हे त्याच्या नंबरवरून आलेलं आहे. म्हणून कुणालाही काम देताना तोंडी भाव ठरवू नका, मेसेज करायला लावा. मशीन नेण्याआधी आतले फोटो काढा, प्रत्येक पार्टवर मार्करने खूण करा. आणि यूपीएस स्वतः तपासायचा असेल तर त्याला सर्व्हर न लावता एक साधा टेबल लॅम्प लावा, यूपीएसची भिंतीतली पिन काढा आणि घड्याळ बघा. माझा लॅम्प लगेच विझला होता.

त्याने परवा फोन केला होता. "ताई, तक्रार मागे घ्या, पाच हजार देतो." मी म्हटलं, आधी माझी जुनी डिस्क आणून दे. त्याने फोन ठेवला. तो कॉलही रेकॉर्ड केलाय.