दादरमधील ‘गोष्ट सांगणे’ कार्यशाळा : सकाळ उत्तम, दुपार लांबलेली

शिवाजी पार्कजवळ गेल्या महिन्यात एका रविवारी झालेल्या कथाकथनाच्या एकदिवसीय कार्यशाळेला मी आठशे रुपये भरून गेलो होतो. आवाजाची चढउतार आणि हातवारे एवढेच शिकवतील अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात सकाळचे संपूर्ण सत्र ‘सांगणे’ या एकाच क्रियापदावर झाले आणि माझ्या मते पैसे तिथेच वसूल झाले.

शिक्षिकाबाईंनी आरंभीच फळ्यावर दोन वाक्ये लिहिली : ‘तो बोलला’ आणि ‘त्याने गोष्ट सांगितली’. ‘बोलणे’चे भूतकाळातील रूप बोलणाऱ्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, तर ‘सांगणे’चे रूप सांगितलेल्या वस्तूप्रमाणे, त्यामुळे सांगणारा पुरुष असो वा स्त्री, गोष्ट ‘सांगितली’ आणि किस्सा ‘सांगितला’ जातो. शिवाय ‘सांगणे’ला ऐकणारा लागतो (‘मुलाला सांगितली’), आणि त्याचा उल्लेख नसला तरी तो गृहीत असतो. कविता आपण एकट्यानेही म्हणतो. गोष्ट मात्र कोणाला तरीच सांगतो. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी रुजवलेल्या कार्यक्रमाला ‘कथाकथन’ हे भारदस्त नाव मिळाले, पण श्रोते घरी जाऊन ‘मिरासदारांनी गोष्ट सांगितली’ असेच म्हणत असणार, ही बाईंची टिप्पणी मला पटली.

मुंबईकरांच्या ‘मी त्याला बोललो’ या प्रयोगावर मात्र बाईंनी अकारण कडक ताशेरे ओढले. प्रमाण भाषेत तिथे ‘म्हणालो’ किंवा ‘सांगितले’ हवे हे मान्य. तथापि या शहरात ‘बोलणे’ने इतर क्रियापदांची इतकी जागा बळकावूनही ‘आजी मला गोष्ट बोलायची’ असे गिरगावात किंवा लालबागमध्ये मी कधी ऐकलेले नाही. चर्चा खरी इथून पुढे जायला हवी होती. ती ‘शुद्ध-अशुद्ध’वर येऊन थांबली.

कार्यशाळेच्या टिपणवहीत एक चूकही आहे. ‘सांगोपांग’ हा शब्द ‘सांगावा’ आणि ‘सांगोवांगी’ यांच्या पंक्तीत बसवला आहे. वास्तविक तो स, अंग आणि उपांग यांपासून झालेला, म्हणजे सर्व अंगोपांगांसह असा आहे. त्याचा सांगण्याशी संबंध नाही. मी हे मधल्या सुटीत निदर्शनास आणले, तेव्हा बाईंनी ते मोकळेपणाने मान्य केले.

दुपारी तीस जणांनी प्रत्येकी पाच मिनिटे गोष्ट सांगायची होती, आणि घड्याळाकडे कोणी पाहिले नाही. पंखे आवाज करणारे, जेवण ठीक. सकाळपुरते शुल्क वेगळे ठेवल्यास मी पुन्हा जाईन.

बाहेर पडल्यावर टपरीपाशी आमच्यातील एकाने सोबत्याला ‘दोन कटिंग बोल रे’ असे सांगितले.