शांती अवेदना सदन, बांद्रा : आमच्या मित्राचे शेवटचे 19 दिवस

लहानपणापासून माउंट मेरीच्या जत्रेला जातोय, मेणबत्त्या घेतल्यात, लोकांनी वाहिलेले मेणाचे हात-पाय बघितलेत, पण चर्चपासून हाकेच्या अंतरावर ही जागा आहे हे पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही गरज पडली म्हणून. कॅन्सर खूप पुढे गेलाय, आता बरं करणारी ट्रीटमेंट उरली नाही असे पेशंट इथे ठेवतात. पैसे घेत नाहीत, अजिबात नाही. कुठल्या धर्माचे तेही बघत नाहीत. 1986 मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा या कॅन्सर सर्जननी सुरू केलं, भारतातलं पहिलं हॉस्पिस.

माझा मित्र ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचाच मूळचा मराठी बोलणारा ख्रिश्चन, आम्ही 26 वर्षं एकाच वर्कशॉपमध्ये होतो. तोंडाचा कॅन्सर. आधी जिथे उपचार चालू होते तिथे एक दिवस सांगितलं, आता घरी न्या. घर म्हणजे एक खोली, तिसरा मजला, गालाला जखम, नाकातून नळी, आणि वास. वासाचं लिहिताना बरं वाटत नाही पण ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना कळेल मी का लिहितोय ते. शेजारी यायचे बंद झाले. मी पण तीन महिन्यांत दोनदाच गेलो, खोटं कशाला सांगू, जाऊन बोलायचं काय हेच कळायचं नाही आणि त्याच्या डोळ्यात बघवायचं नाही. वहिनी एकटीच सगळं करत होती.

इथे आणल्यावर पहिली गोष्ट त्यांनी केली ती जखमेची. नीट धुतली, ड्रेसिंग करताना वासासाठी मेट्रोनिडॅझोलची पावडर टाकली, तीन-चार दिवसांत वास एवढा कमी झाला की वहिनी परत त्याच्या उशाशी बसून रोझरी म्हणायला लागली. दुसरं मॉर्फिन. आम्हाला वाटायचं मॉर्फिन म्हणजे नशा, म्हणजे आता संपलंच. सिस्टरनी खुर्ची ओढून बसून समजावलं, की दुखायला लागल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो, दर 4 तासांनी ठरलेला डोस दिला की दुखणं डोकंच वर काढत नाही, बद्धकोष्ठ होतं म्हणून त्याचं औषध सोबत, आणि दुखणाऱ्या माणसाला असं मोजून दिल्याने तो व्यसनी होत नाही. त्या रात्री तो सलग झोपला, आणि वहिनी पण.

हॉस्पिस या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला एक शब्द आहे, त्याचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि पाहुण्याला घरात घेणारा असाही होतो. फादर रुग्णांना भेटायला आलेले तेव्हा त्यांनी हे सांगितलं आणि माझ्या डोक्यातून ते जातच नाही, कारण मी तेच रोज समोर बघत होतो. आमचा हा मित्र म्हणजे वर्कशॉपमधला यजमान होता हो. नाताळला बाटली मसाल्याचं मटण आणि फुगे (तळलेले गोल पाव) घेऊन यायचा, गणपतीत माझ्याकडे पहिला हजर, कोणी नवीन पोरगा कामाला लागला की त्याला पहिला चहा याच्याकडून. आता स्वतःच्या तोंडून पाण्याचा घोट जात नव्हता, बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायचा. आणि कोणीही भेटायला आलं की पाटीवर पहिलं वाक्य तेच, "चहा घेतला का?" वहिनीने थर्मास आणायला सुरुवात केली. तो बोट दाखवणार, आम्ही ओतणार, त्याच्यासमोर बसून प्यायचं. मला आधी घोट उतरेना, तो उपाशी आणि आपण पितोय. मग लक्षात आलं की मी नको म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मग दोन कप प्यायलो. सिस्टर लोकांनी यात कधी आडकाठी केली नाही, एक सिस्टर तर ड्युटी संपल्यावर स्वतःहून येऊन त्याच्या हातचा चहा म्हणून कप घ्यायची, हातचा म्हणजे वहिनीच्याच, पण मान त्याचा.

शेजारच्या कॉटवर एक आजोबा होते, हिंदू, मुलगा रात्रपाळीचा, त्यामुळे यायचा तो अगदी थोडा वेळ. मित्राने दुसऱ्याच दिवशी पाटी फिरवली, "त्यांना पण." आजोबा चमच्याने दोन घोट घ्यायचे. मुलाने त्यांच्या उशाशी गंगाजलाची बाटली ठेवलेली, वरती भिंतीवर क्रूस, कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

तेल लावायला फादर आले तेव्हा मी घाबरलो, वाटलं झालं. पण ते आजारातलं तेल असतं, कपाळाला आणि हातांना, शेवटच्या क्षणासाठीच असं नाही, परत परत पण देता येतं, हे मला वहिनीने सांगितलं. शेवटी देतात ते वेगळं, तो ख्रिस्तप्रसाद, मिस्सेत देतात ती पवित्र भाकर. वहिनी त्याला शिदोरी म्हणाली. वाटेची शिदोरी. गिळता येत नव्हतं म्हणून फादरनी द्राक्षारसाचे थेंब जिभेवर ठेवले, तेवढंही चालतं म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे भरणाऱ्या माणसाचा डबा कोणीतरी भरून देतंय असं मला वाटलं आणि मी बाहेर जाऊन समुद्राकडे तोंड करून रडलो. बेथानी गावात मार्था आणि तिच्या भावंडांच्या घरी येशू मित्र म्हणून जेवायला बसायचा, ज्यूंच्या वल्हांडण सणाला, म्हणजे त्याच्या मरणाच्या वेळेला, सहा दिवस उरले होते तेव्हाही तिथेच होता, ही गोष्ट वहिनीने त्याच संध्याकाळी सांगितली, आणि तेव्हाही मार्था वाढत होती म्हणाली.

कामाचं : कॅन्सर पुढच्या स्टेजचा असल्याचे डॉक्टरांचे कागद लागतात, सरळ नेऊन ठेवता येत नाही, आधी फोन करून विचारा. किमो, आयसीयू असलं इथे काही नाही, ते घरातल्यांनी आधीच बोलून घ्या नाहीतर ऐनवेळी भांडणं होतात, आमच्याकडे त्याच्या भावाशी झालीच. गाडी आणू नका, वर पार्किंगचे हाल आहेत, आणि सप्टेंबरच्या जत्रेच्या आठवड्यात तर रिक्षा पण खालीच सोडावी लागते. म्हातारी माणसं सोबत असतील तर वेळ हातात ठेवा.

पाच स्टार देतोय, वर असते तर तेही दिले असते.

तो गेला त्याला आता सहा आठवडे झाले. आजोबा अजून आहेत. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की वहिनी थर्मास घेऊन येते, मी दादरहून बिस्किटं आणतो. गेल्या रविवारी मुलगा पण होता, त्याने विचारलं तुम्ही यांचे कोण, तर आजोबाच म्हणाले, शेजारचे.